कुरणशाळा ते बोलकी शाळा : पालघरच्या भूमीतील शिक्षणसाधनांचा पाऊणशे वर्षांचा प्रवास

१/ २०२० चा पावसाळा. पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा पट्ट्यातील दांडवळ या आदिवासी गावात मुले अंतर राखून बसली आहेत. समोर शिक्षक नाहीत. दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेचे स्वयंसेवक एक ध्वनिक्षेपक घेऊन आले आहेत. त्यातून आधी ध्वनिमुद्रित केलेला धडा ऐकू येतो आणि मुले त्याला उत्तरे देतात. देशभर 'ऑनलाइन शिक्षण' हा शब्द गाजत असताना येथे मुलांच्या हाती फोन नाही, गावाला इंटरनेटची साथ नाही. 'बोलकी शाळा' या नावाने ओळखल्या गेलेल्या या उपक्रमाची बातमी त्या वर्षी जगभर पोहोचली. काही गावांतील सुमारे एक हजार मुलांपर्यंत हा आवाज गेला, असे तेव्हा सांगण्यात आले. आजचा थ्रेड या दृश्यामागच्या इतिहासाविषयी.

२/ बहुतेक वृत्तांतांचा सूर एकच होता : महामारीने एक अभिनव कल्पना जन्माला घातली. पालघरचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला मात्र यात ओळखीचे काहीतरी दिसते. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार याच जिल्ह्यात पाऊणशे वर्षांपूर्वी आचरणात आला होता. तेव्हा साधन होते खडे, शिंपले आणि गाणी. पुढे रेडिओ आला, उपग्रह आला, संगणक आला, व्हॉट्सॲप आले. साधने बदलत गेली. मुलापर्यंत नेमके काय पोहोचले आणि कशामुळे पोहोचले, हे आपण क्रमाने पाहू.

३/ प्रथम भूगोल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६वा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार या भूभागाची लोकसंख्या सुमारे ३० लाख. त्यात आदिवासी सुमारे ३७ टक्के. हा सरासरी आकडा फसवा आहे. वसई-विरारची दाट वस्ती, बोईसर-तारापूरची कारखानदारी आणि डहाणूची किनारपट्टी एकीकडे; जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे डोंगराळ तालुके दुसरीकडे. या तालुक्यांत आदिवासींचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर अशा समाजांची वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली. गाव एक, पाडे अनेक. शाळा बहुधा त्यांतील एका ठिकाणी.

४/ १९४५ हे या भूमीच्या इतिहासातील मोठे वर्ष. वेठबिगारीविरुद्ध वारली शेतमजुरांचा लढा किसान सभेच्या नेतृत्वाखाली याच वर्षी उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्याची साक्ष आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस, डहाणू तालुक्यातील बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी, एका वेगळ्या कामाची सुरुवात झाली. ताराबाई मोडक यांनी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. एक पन्नाशी ओलांडलेल्या, दुसऱ्या पस्तिशीच्या.

५/ ताराबाई (१८९२-१९७३) त्याआधी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करीत होत्या. माँटेसरी पद्धतीचे भारतीय रूप घडवण्यात या दोघांचा वाटा मोठा. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, तीही याच वर्तुळातून. अनुताई (१९१०-१९९२) पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्यांनी शिक्षण पूर्ण केले, शिक्षिकेची नोकरी केली आणि १९४५ साली ताराबाईंच्या कामाशी स्वतःला कायमचे जोडून घेतले.

६/ येथे आपल्या विषयाचा पहिला प्रश्न उभा राहतो. माँटेसरी पद्धती साधनांवर उभी होती : घोटीव लाकडी ठोकळे, दट्ट्या, मनोरे, रंगपट्ट्या. ही साधने महाग होती आणि शहरी बालमंदिरांनाच परवडत. खेड्यात ती न्यायची म्हटले तर पैसे कोण देणार? ताराबाई-अनुताईंनी साधनांचे तत्त्व ठेवले आणि साहित्य बदलले. मोजायला खडे आणि बिया, वर्गीकरणाला पाने आणि शिंपले, हाताच्या कौशल्याला माती. 'कमी खर्चाचे शैक्षणिक साहित्य' हा आज प्रशिक्षण वर्गांतला परवलीचा शब्द आहे. त्याची मुळे बोर्डीच्या वाळूत आहेत.

७/ दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले येईनात. कारणे उघड होती : जातीचे अंतर, दारिद्र्य, धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी. तेव्हा शिक्षिकांनी साहित्य उचलले आणि त्या वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरवला. मुलांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे, मग गाणी आणि गोष्टी. अंगणात भरते ती 'अंगणवाडी'. आज देशभर रूढ असलेला हा शब्द बोर्डीच्या या अनुभवातून आला.

८/ १९५७ च्या सुमारास हे काम किनाऱ्यावरून आत, कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा वारली पाड्यांचा मुलूख. येथे मुलांना शाळेचे वावडे नव्हते. त्यांना वेळ नव्हता. सकाळी गुरे घेऊन ती रानात जात आणि सांजेला परतत. म्हणून शिक्षक गुरांमागोमाग कुरणात गेले. गुरे चरत असताना मोजणी, अक्षरे, निसर्गाची ओळख. हीच 'कुरणशाळा'. शिवाय पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली, कारण तान्हे भावंड पाळणाघरात गेले तरच थोरली बहीण वर्गात बसू शकत होती.

९/ कुरणशाळेकडे भाबडेपणाने पाहू नये. मुलाचे श्रम तिने थांबवले नाहीत. त्या श्रमांच्या सावलीत शिक्षणाला जागा करून दिली. हे पुरेसे होते का, असा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. तथापि शिक्षणसाधनांच्या इतिहासात तिचे महत्त्व असे की, तिने क्रम उलटा केला. आधी साधन आणि मग त्यासाठी विद्यार्थी, असे नव्हे. आधी मुलाचा दिवस पाहायचा : ते केव्हा उठते, कुठे जाते, त्याच्या पाठीवर कोण आहे. मग त्या दिवसात बसेल असे साधन शोधायचे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. अनुताईंनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात या वाटचालीची नोंद ठेवली आहे.

१०/ कोसबाडचे काम आकार घेत होते, त्याच काळात पुण्यात एका नव्या साधनाची परीक्षा चालू होती. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतामंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, शेती आणि ग्रामजीवनावरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. मंडळातील सुमारे वीस गावकरी तो एकत्र ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न आकाशवाणीला पत्राने कळवीत. पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे मिळत.

११/ या प्रयोगाचे खरे वैभव त्याच्या मूल्यमापनात आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूरॅथ यांच्या देखरेखीखाली पाहणी झाली. तुलनेसाठी तीन प्रकारची गावे निवडली होती : रेडिओ आणि श्रोतामंडळ दोन्ही असलेली, केवळ रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. निष्कर्ष स्पष्ट होता. जेथे मंडळ होते तेथे लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. जेथे केवळ रेडिओ होता तेथे ती फार थोडी होती. आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक होता एकत्र बसण्याचा, चर्चा चालवणाऱ्या संयोजकाचा आणि परत प्रश्न विचारता येण्याचा.

१२/ मित्रहो, हा निष्कर्ष लक्षात ठेवा. शिक्षणात समाजमाध्यमांचा उपयोग कसा करावा यावर आज जी चर्चा होते, तिचे मूलभूत उत्तर १९५६ सालीच महाराष्ट्राच्या खेड्यांत मोजून सिद्ध झाले होते. गट, संयोजक आणि परतीचा मार्ग. व्हॉट्सॲपच्या गटात या तिन्ही गोष्टी शक्य असतात. त्या आपोआप मात्र घडत नाहीत. संयोजक नसलेला गट हा फक्त रेडिओ असलेल्या गावासारखाच असतो.

१३/ आता तारापूरकडे वळू. १९६९ हे वर्ष. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन संयंत्रांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली. भारतातील हे पहिले अणुवीज केंद्र. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते विक्रम साराभाई. त्याआधी जेमतेम महिनाभर, सप्टेंबर १९६९ मध्ये, याच अणुऊर्जा खात्याने अमेरिकेच्या नासा संस्थेशी एक करार केला होता. विषय वेगळाच होता : उपग्रहाद्वारे भारतीय खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी. एकाच खात्याची आणि एकाच द्रष्ट्या माणसाची ही दोन स्वप्ने. एक तारापूरच्या किनाऱ्यावर उभे राहिले, दुसरे आकाशातून उतरणार होते.

१४/ साराभाई १९७१ साली गेले. त्यांचे दुसरे स्वप्न १९७५ साली प्रत्यक्षात आले. 'साइट' या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर आणून ठेवला होता. सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत सार्वजनिक दूरचित्रवाणी संच बसवले गेले. सकाळी शाळेतील मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी प्रौढांसाठी. हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षणही याच मार्गाने मिळाले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. जव्हारच्या पाड्यांवर तो प्रकाशझोत पडला नाही.

१५/ परंतु त्याच वर्षी, अवघ्या दोन महिन्यांनी, पालघरच्या भूमीतील एक शब्द उलट दिशेने देशभर निघाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्राचे नाव : अंगणवाडी. एकाच वर्षी भारताने बालशिक्षणाच्या दोन वाटा धरल्या. एक उपग्रहाची, एक अंगणाची. ३१ जुलै १९७६ रोजी 'साइट' संपले; उपग्रह उसना होता, तो परत गेला. अंगणवाड्यांची संख्या आज देशभरात तेरा लाखांहून अधिक आहे.

१६/ याचा अर्थ उपग्रह फसला, असा काढू नये. 'साइट'मधून भारतीय अभियंते, निर्माते आणि संशोधक घडले आणि पुढच्या इन्सॅट मालिकेचा पाया घातला गेला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा उच्चशिक्षणासाठीचा कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागला. सप्टेंबर २००४ मध्ये खास शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' उपग्रह सोडण्यात आला. प्रश्न यंत्राच्या क्षमतेचा नव्हताच. गावातला संच बिघडला तर तो कोण दुरुस्त करणार आणि कार्यक्रम संपल्यावर मुलाशी कोण बोलणार, हे प्रश्न मात्र दर वेळी जमिनीवरच राहिले.

१७/ जमिनीवरचा एक प्रयोग पुन्हा याच भागातला. जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे पावसाळा संपला की पोटासाठी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुले सोबत जातात आणि गावातल्या शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रिकामे चौकोन राहतात. भट्टीवर राहण्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या झोपडीला 'भोंगा' म्हणतात. १९९० च्या दशकाच्या मध्यास वसई तालुक्यातील विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच वर्ग सुरू केले. त्यांचे नाव 'भोंगा शाळा'. कुरणशाळेचीच ही लेक. गुरांऐवजी विटा आल्या, तत्त्व तेच राहिले.

१८/ त्यानंतरचे पर्व संगणकाचे. १९९९ साली सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवून वस्तीतल्या मुलांसाठी खुला ठेवला. पुढे असेच संगणक देशात इतरत्र बसले, त्यांत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरगावही होते. मुले शिक्षकाविना संगणक हाताळायला शिकतात, हे या प्रयोगाने दाखवले आणि जगाला भुरळ घातली. पायल अरोरा यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र उत्तराखंडातील अशा केंद्रांचा मागोवा घेऊन विचारले : शाळेशी आणि गावाशी नाते जुळले नाही, तर काही वर्षांनी त्या भिंतीचे काय उरते? यंत्र शिकणे आणि यंत्राने शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९/ २०१० नंतरच्या दशकात जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक स्वतःच पुढे आले. पालघरला लागून असलेल्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याची छोटी शाळा संदीप गुंड या शिक्षकाच्या खटपटीने 'डिजिटल शाळा' म्हणून गाजली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०१७ साली राज्याने ही कल्पना पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. त्यांच्या गौरवपत्रातला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून ते आधी कन्नड शिकले. कोड त्यानंतर आला.

२०/ भाषेचा हा मुद्दा पालघरला तंतोतंत लागू पडतो. वारली घरातील मूल पहिलीत येते तेव्हा पाठ्यपुस्तकातली मराठी त्याच्या कानाला अनोळखी असते. बोईसरच्या कामगार वस्तीत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या घरातील मुलाचीही तीच स्थिती. वर्गातला शिक्षक मुलाचा गोंधळलेला चेहरा पाहून शब्द बदलतो. ध्वनिमुद्रित धडा, चित्रफीत किंवा कोडमागचा मजकूर असा शब्द बदलू शकत नाही. जवळ कोणी नसेल तर मूल ते मुकाट्याने ऐकून घेते, आणि त्याला कळले नाही हे कोणालाच कळत नाही.

२१/ मग मार्च २०२० आला. शाळा बंद झाल्या. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने रोजची अभ्यासमाला सुरू केली. ती व्हॉट्सॲपवरून अधिकाऱ्यांकडून शिक्षकांकडे, शिक्षकांकडून पालकांच्या गटांत जाई. केंद्र शासनाचा २०१७ सालचा 'दीक्षा' मंच हाताशी होताच. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. इतक्या अल्प काळात इतकी साधने याआधी कधीच उभी राहिली नव्हती. हे श्रेय निःसंशय द्यायला हवे.

२२/ आता दुसरी बाजू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार (२०१७-१८) ग्रामीण भारतात इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे सुमारे १५ टक्के होती आणि संगणक असलेली ४.४ टक्के. डोंगराळ आदिवासी तालुक्यांत याहून वेगळे चित्र अपेक्षित नव्हते. बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात नेटवर्क होते. पण एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबात स्मार्टफोन असला तर एकच असतो, आणि तो पाळीला गेलेल्या बापाच्या खिशात असतो. सकाळचा धडा मुलाला रात्री दिसणार. अणुवीज केंद्राच्या आणि रासायनिक कारखान्यांच्या छायेतही मुलाच्या दिवसाचा विचार न करता पाठवलेले साधन असेच अडते.

२३/ या पार्श्वभूमीवर दांडवळचे दृश्य पुन्हा पाहा. ध्वनिक्षेपकाला बोलीभाषेत आपण 'भोंगा'च म्हणतो. भट्टीवरच्या झोपडीपासून आवाज फेकणाऱ्या यंत्रापर्यंत एकच शब्द येऊन पोहोचला, हा योगायोग. पण बोलकी शाळा चालली ती केवळ यंत्रामुळे नव्हे. ते यंत्र उचलून पाड्यावर कोणीतरी येत होते, मुलांना गोळा करून बसवत होते, धडा संपेपर्यंत थांबत होते. १९५६ च्या भाषेत सांगायचे तर ते रेडिओसोबत आलेले संयोजक होते. कोसबाडच्या भाषेत सांगायचे तर अंगणात आलेल्या ताई होत्या.

२४/ तरीही तिच्या मर्यादा लपवू नयेत. ध्वनिक्षेपक अक्षर दाखवू शकत नाही, वही तपासू शकत नाही. पहिली-दुसरीच्या मुलाला वाचन शिकायला डोळ्यांसमोर अक्षर आणि हातात पेन्सिल लागते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. म्हणजे लहान मुलांची जवळजवळ दोन शैक्षणिक वर्षे वर्गाबाहेर गेली. कोणताही भोंगा किंवा ॲप ती पोकळी भरून काढू शकत नव्हते. या काळात भट्टीवर वा बोहल्यावर गेलेली मुले शाळा उघडल्यावर सगळी परतली, असे कोणी म्हणणार नाही.

२५/ या प्रवासाचे सार सांगायचे तर असे. पाऊणशे वर्षांत या भूमीत शिंपले, रेडिओ, उपग्रह, संगणक, क्यूआर कोड, व्हॉट्सॲप आणि भोंगा यांची चर्चा झाली. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांनी साधनाचे नाव मथळ्यात छापले. परंतु शिक्षण जेथे घडले, तेथे साधनाच्या शेजारी एक माणूस होता आणि त्याला मुलाचा दिवस व मुलाची भाषा ठाऊक होती. नवे ॲप येते तेव्हा 'हे काय काय करू शकते?' असा प्रश्न आपण विचारतो. इतिहास सुचवतो तो प्रश्न वेगळा आहे : हे चालू असताना मुलाजवळ कोण बसणार आहे, आणि त्या माणसाचा पगार कोण देणार आहे?

२६/ शेवटी, इतिहासाची आवड असणाऱ्या आपणा सर्वांसाठी एक काम. कुरणशाळेविषयी आपल्याला कळते, कारण ताराबाई-अनुताईंनी लिहून ठेवले. १९५६ च्या श्रोतामंडळांविषयी कळते, कारण कोणीतरी गावोगाव जाऊन मोजले. २०२०-२१ ची व्हॉट्सॲपवरील शाळा मात्र फोन बदलताच पुसली जात आहे. शिक्षिकेचा पहाटेचा ध्वनिसंदेश, वहीच्या पानाचे अंधुक छायाचित्र, 'ताई, रिचार्ज संपला' हा पालकाचा निरोप : ही उद्याची अस्सल ऐतिहासिक साधने आहेत.

२७/ आपल्या घरात, गावात, पाड्यावर त्या दोन वर्षांत शिकलेली मुले आणि शिकवणारे शिक्षक आहेत. त्यांना विचारा : धडा कशावर यायचा, फोन कोणाचा होता, न कळलेले कोणाला विचारायचे? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. मुलांची नावे-चेहरे त्यांच्या परवानगीविना जाहीर करू नका. बोईसरच्या चाळीतले उत्तर आणि मोखाड्याच्या पाड्यावरचे उत्तर शेजारी ठेवून पाहा. पन्नास वर्षांनी कोणी या काळाचा इतिहास लिहील, तेव्हा त्याला ॲपची नावे सहज सापडतील. मुलाजवळ कोण बसले होते, हे तुम्ही लिहिले तरच सापडेल.

थ्रेड समाप्त.